अंग कोणाचं, परवानगी कोणाची? : मालिशच्या व्यवसायातल्या संमतीची पार्श्वभूमी

ऑक्टोबर २०२३ मध्ये गुजरातभर पोलिसांनी स्पांवर धाडी घातल्या. त्यानंतर बडोद्यात मालिश या विषयावर जे बोलणं झालं, त्यात अलकापुरीतले स्पा, पंचकर्माची केंद्रं आणि फिजिओथेरपीचे दवाखाने सगळे एकाच पोत्यात भरले गेले. दांडिया बाजार-रावपुऱ्यातल्या मराठी घरांत पाठदुखीसाठी मालिश घ्यायला निघालेल्या माणसाला आजही पहिला प्रश्न येतो, "मालिश करायला बाई असते की बुवा?" प्रश्न साहजिक आहे, पण त्याने फारसं काही कळत नाही. टेबलावर पालथं झोपलेल्या माणसाच्या अंगाला कुठे, किती आणि कशासाठी हात लावायचा, हे कोण ठरवतं, हे आधी विचारायला हवं. फार मोठ्या काळात याचं उत्तर 'तो माणूस सोडून बाकी कोणीही' असंच होतं.

जुन्या वैद्यकात मर्यादांचा विचार नव्हता, असं मुळीच नाही. चरकसंहितेच्या विमानस्थानात शिष्याला दीक्षा देतानाचं अनुशासन आहे. रोग्याच्या घरात शिरायचं ते ओळखीच्या, आत जायची मुभा असलेल्या माणसाबरोबर. अंग नीट झाकून, मान खाली घालून. आत गेल्यावर वाणी, मन, बुद्धी आणि इंद्रियं रोग्याच्या भल्याखेरीज कुठेही वळू द्यायची नाहीत. त्या घरातली गोष्ट बाहेर बोलायची नाही. सुश्रुताने वैद्याला स्त्रियांबरोबर बसणं-उठणं आणि थट्टामस्करी वर्ज्य सांगितली आहे. आजच्या कुठल्याही आचारसंहितेत शोभतील असे हे नियम आहेत, आणि ते आपल्याकडे इतके आधी लिहिले गेले याचा मला मनापासून आदर वाटतो. पण त्याच अनुशासनात स्त्रीकडून काही घ्यायचं तर तिच्या नवऱ्याची किंवा पालकाची अनुज्ञा हवी, असंही आहे. अभ्यंग, म्हणजे तेलाची मालिश, कोणाला वर्ज्य, याची यादी अष्टांगहृदय या आयुर्वेदाच्या ग्रंथात मिळते: कफाने ग्रासलेला, अजीर्ण झालेला, नुकतंच शोधन, म्हणजे शरीरशुद्धीचे उपचार, झालेला. वैद्य पचनाची चौकशी करायचा. इच्छेची चौकशी त्या यादीत नाही.

दुसरी परंपरा आखाड्याची, आणि इथे बडोद्याचं नाव मोठं आहे. मोढेऱ्याच्या ज्येष्ठीमल्ल या पहिलवानांच्या जातीची परंपरा सांगणारं मल्लपुराण बडोद्याच्याच प्राच्यविद्या मंदिराने १९६४ मध्ये गायकवाड ग्रंथमालेत छापलं. गायकवाडांच्या आश्रयाने इथे कुस्ती फोफावली. जुम्मादादा या मुसलमान उस्तादांचा आखाडा त्यांचे मराठी शिष्य माणिकराव यांनी पुढे नावारूपाला आणला. माणिकराव जसे व्यायामाचे आचार्य, तसेच हाडवैद्य. निखळलेला खांदा, मुरगळलेला पाय घेऊन लोक त्यांच्याकडे जात. डभोईत जन्मलेले जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजे पुढचे स्वामी कुवलयानंद, १९०७ ते १९१० या काळात त्यांच्याच हाताखाली तयार झाले आणि १९२४ मध्ये त्यांनी लोणावळ्यात कैवल्यधाम उभं केलं. शरीराकडे शास्त्राने पाहण्याची एक मराठी वाट अशी बडोद्याच्या लाल मातीतून निघाली.

आखाड्यात मालिश हा रोजचा भाग. जोर-बैठका, लढती झाल्या की पठ्ठे एकमेकांचं अंग रगडतात, धाकटे पठ्ठे उस्तादांचे पाय चेपतात. या स्पर्शात विश्वास असतो, माया असते, अंगाची लाज गळून पडते. ज्यांनी हे अनुभवलंय त्यांना त्याची किंमत सांगायला नको. मात्र उस्तादाने बोलावल्यावर 'आज नको' म्हणायची सोय दहा वर्षांच्या पोराला तिथे नव्हती. गुरुसेवेत नकार बसतच नाही. हे बडोद्याच्या आखाड्यांवरचं दोषारोपण नव्हे. ज्या ज्या ठिकाणी शिकवणारा आणि स्पर्शाचं ठरवणारा एकच असतो, तिथे तिथे ही अडचण आहे.

तिसरी परंपरा घरातली, आणि माझ्या मते तीच सगळ्यात कमी तपासली गेलेली. बाळंतिणीची सव्वा महिन्याची मालिश घ्या. सकाळी मालिशवाल्या बेन येतात, गॅसवर तेलाची वाटी कोमट होते, आतल्या खोलीत चटईवर जुनं लुगडं अंथरतात. दार अर्धवट लोटलेलं. दारात सासूबाई उभ्या: "पोट जरा दाबून चोळा हं, सैल पडलंय." सिझेरियनचे टाके अजून ओले असतात. खालून आवाज येतो, "हळू." आणि वरून उत्तर येतं, "अगं, एवढं सोसायचंच असतं." त्या खोलीत तीन बायका असतात, त्यांतल्या दोघी ठरवतात आणि तिसरीच्या अंगावर ते घडतं. कोणाचाही हेतू वाईट नसतो. मालिशवालीचे पैसे सासू देते, म्हणून सूचनाही सासूच्याच. त्या बेनना तरी कोणी विचारलेलं असतं की ताज्या टाक्यांवर त्यांना हात चालवायचा आहे की नाही?

मराठी समाजात 'संमती' हा शब्द चव्हाट्यावर आला तो १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने. लैंगिक संबंधांसाठी मुलीच्या संमतीचं वय दहावरून बारावर नेण्याचा तो कायदा. टिळक विरोधात, आगरकर आणि भांडारकर बाजूने, आणि पुणं-मुंबई त्या वादाने पेटलेली. पण तो वाद वयाचा, धर्माचा आणि परक्या सरकारच्या हस्तक्षेपाचा होता. मुलीला काय हवंय, हा मुद्दा कडेलाच राहिला. तो मुद्दा त्याआधी एका मराठी बाईनेच कोर्टात मांडला होता. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या रखमाबाईंनी नवऱ्याकडे नांदायला जायचं नाकारलं. १८८४ मध्ये नवऱ्याने दावा लावला. १८८७ मध्ये न्यायालयाने नांदायला जा नाहीतर तुरुंगात जा असा हुकूम दिला, तेव्हा तुरुंग पत्करीन असं त्या म्हणाल्या. शेवटी १८८८ मध्ये तडजोड झाली. रखमाबाई लंडनला शिकून १८९४ मध्ये डॉक्टर झाल्या आणि पुढची कित्येक वर्षं त्यांनी सुरत आणि राजकोटला काढली. गुजरातेतल्या असंख्य बायकांना त्यांच्या हातून उपचार मिळाले. स्वतःच्या अंगावरचा हक्क सांगितलेली ही बाई इथेच नाडी तपासत होती, ही गोष्ट बडोदेकर मराठी माणसाला माहीत असायला हवी.

रखमाबाई डॉक्टर झाल्या त्याच वर्षी लंडनमध्ये मालिशवरून वादळ उठलं होतं. डॉक्टरांच्या एका बड्या नियतकालिकाने, ब्रिटिश मेडिकल जर्नलने, मालिशच्या नावाखाली चालणाऱ्या अड्ड्यांवर लेख छापले. प्रामाणिकपणे मालिश करणाऱ्या परिचारिकांची मान खाली गेली. तेव्हा लुसी रॉबिन्सन, रोझलिंड पॅजेट, एलिझाबेथ मॅन्ली आणि मार्गारेट पामर या चौघींनी प्रशिक्षित मालिश करणाऱ्या बायकांची संस्था काढली. नियम कडक होते: डॉक्टरने सांगितल्याशिवाय मालिश करायची नाही, डॉक्टरची खास सूचना असल्याशिवाय पुरुषांची सर्वसाधारण मालिश करायची नाही, लोकांच्या वर्तमानपत्रांत जाहिरात द्यायची नाही. याच संस्थेला १९२० मध्ये राजसनद मिळाली आणि १९४४ मध्ये तिच्या नावात फिजिओथेरपी आली. आज आपल्या गल्लीतला फिजिओथेरपिस्ट ज्या शिस्तीत शिकतो, तिचं एक मूळ या चौघींच्या नियमावलीत आहे. बदनामीच्या चिखलातून त्यांनी एक अख्खा व्यवसाय बाहेर काढला, हे साधं काम नव्हतं.

तरी त्या नियमांतही परवानगी देणारा होता डॉक्टर. चिठ्ठी आली की हात लावायचा. चरकाच्या काळी नवरा, आखाड्यात उस्ताद, घरात सासू, लंडनमध्ये डॉक्टर. टेबलावरचा माणूस अजून कुठेच नाही.

तो आला न्यायालयांमधून, आणि फार उशिरा. न्यूयॉर्कमध्ये १९१४ साली न्यायमूर्ती कार्डोझो यांनी लिहिलं की सज्ञान आणि मन ठिकाणावर असलेल्या प्रत्येक माणसाला आपल्या शरीराचं काय व्हावं हे ठरवायचा हक्क आहे. आपल्या सर्वोच्च न्यायालयाचा याबाबतचा मोठा निकाल १६ जानेवारी २००८ चा, समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा. रुग्ण बाई चव्वेचाळीस वर्षांच्या. त्यांनी फक्त तपासणीच्या लॅपरोस्कोपीला, म्हणजे दुर्बिणीने पोटाच्या आत पाहण्याला, होकार दिलेला. त्या भुलीखाली असताना डॉक्टरांनी बाहेर बसलेल्या त्यांच्या आईची संमती घेतली आणि गर्भाशय, अंडाशय काढून टाकले. न्यायालयाने सांगितलं की सज्ञान रुग्ण काही वेळापुरता बेशुद्ध आहे आणि जिवाला तातडीचा धोका नाही, तर आईची संमती चालत नाही. आणि तपासणीला दिलेला होकार शस्त्रक्रियेला लागू होत नाही. बाहेर बसलेली आई आणि दारात उभी सासू, दोघींनाही हा निकाल लागू पडतो असं मला वाटतं. मग २४ ऑगस्ट २०१७ ला नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणाचा हक्क मूलभूत ठरवला.

कोणीतरी सोबत बसलं म्हणजे झालं, ही जुनी समजूतही याच काळात तुटली. अमेरिकेत जिम्नॅस्ट मुलींवर उपचाराच्या नावाखाली वर्षानुवर्षं अत्याचार करणाऱ्या लॅरी नासर या डॉक्टरला जानेवारी २०१८ मध्ये शिक्षा झाली. दीडशेहून जास्त जणींचे जबाब न्यायालयात ऐकले गेले. काही वेळा आई त्याच खोलीत बसलेली असायची. तो मध्ये उभा राहून तिची नजर अडवायचा. मुलींना कोणी आधी सांगितलंच नव्हतं की उपचार नेमका कुठे होतो आणि कुठे होत नाही.

आपल्याकडची सरकारी प्रतिक्रिया मात्र अजून जुन्याच वळणाची आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये दिल्ली सरकारने स्पांसाठी नियम काढले, त्यांत पुरुषाने बाईची आणि बाईने पुरुषाची मालिश करण्यावर बंदी होती. डिसेंबरात दिल्ली उच्च न्यायालयाने त्या बंदीला स्थगिती दिली. पंचकर्मात पुरुषांना पुरुष आणि बायकांना बायका हीच चाल आहे, आणि ज्याला ती हवी त्याला ती मिळालीच पाहिजे. पण स्पांचे नियम ज्याला लागतच नाहीत असा नासरसारखा डॉक्टर मुलींना गाठतो तेव्हा, किंवा बाळंतिणीचं पोट तिच्या इच्छेविरुद्ध रगडलं जातं तेव्हा, बाई-बुवांमधल्या या भिंतीचा काही उपयोग होत नाही.

उपयोग होतो तो पहिल्या दहा मिनिटांचा. चांगला थेरपिस्ट तुम्ही कपडे घातलेले असतानाच, समोरासमोर बसून विचारतो: दुखतं कुठे, शस्त्रक्रिया झालीय का, कुठे हात नको. कमरेच्या दुखण्याचं मूळ कधी नितंबातल्या खोल स्नायूंत असतं, कधी पोटाकडून गाठाव्या लागणाऱ्या स्नायूत. अशा जागी काम करायचं तर का करायचं ते तो सांगतो, चादरीवरून करू का विचारतो, आणि नको म्हटलं तर उरलेला उपचार तितक्याच मनाने करतो. कपडे किती उतरवायचे हे तुम्ही ठरवता. तो खोलीबाहेर जातो, परत येताना दार वाजवतो. चादर फक्त काम चालू असलेल्या भागावरून सरकते. पंचकर्मात कौपीन, म्हणजे लंगोट, मिळतो. नाही दिला तर मागायचा. मधेच पुन्हा विचारणा होते, कारण सुरुवातीचा होकार तासभर टिकतोच असं नाही. 'मौनं संमतिलक्षणम्' हे वचन इथे सर्वस्वी चुकीचं आहे. अनोळखी खोलीत, अर्धं अंग उघडं, पालथं पडलेलं माणूस घाबरलं की त्याचा आवाजच बसतो. पुष्कळ जण घरी पोचल्यावर, आंघोळ करताना म्हणतात, "तेव्हाच का नाही बोलले मी?"

यातली अर्धी गोष्ट थेरपिस्टच्या बाजूची आहे, आणि ती जवळजवळ कोणीच सांगत नाही. घरी जाऊन मालिश करणाऱ्या मुली, स्पातल्या कामगार, बाळंतिणीकडे जाणाऱ्या बेन, यांनाही 'आणखी थोडं वर' ऐकावं लागतं. धाडी पडल्या की तोंड लपवायची वेळ त्यांच्यावर येते. त्यांना तिथल्या तिथे हात थांबवून बाहेर पडायचा पूर्ण हक्क आहे. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा घरालाही कामाचं ठिकाण मानतो, असंघटित क्षेत्र धरतो, आणि नोकरीत नसलेल्या बाईलाही, म्हणजे दवाखान्यात आलेल्या रुग्ण बाईलाही, तक्रारीचा हक्क देतो. दहापेक्षा कमी माणसं असलेल्या जागेची किंवा खुद्द मालकाविरुद्धची तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. मुदत घटनेपासून तीन महिने, सबळ कारण असल्यास आणखी तीन. पोलिसांत जायचं तर १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेची कलमं ७४ (विनयभंग) आणि ७५ (लैंगिक छळ) लागतात.