तोंडातील चट्ट्यापासून बायोप्सीच्या अहवालापर्यंत : रुग्ण व कुटुंबीयांसाठी माहिती

आमच्या प्रयोगशाळेत बायोप्सीची, म्हणजे शरीरातून काढलेल्या तुकड्याची, सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी केली जाते. तोंडातील तुकडा घेऊन येणाऱ्या कुटुंबांशी बोलताना असे दिसते, की तोंडाच्या कर्करोगाच्या निदानाला होणाऱ्या उशिराचा मोठा भाग तुकडा काढण्यापूर्वीच होऊन गेलेला असतो.

याचे पहिले कारण असे, की सुरुवातीला सहसा दुखत नाही. गालाच्या आत पांढरा किंवा लालसर चट्टा दिसतो, तिखट झोंबते, तोंड पूर्वीइतके उघडत नाही. पण दुखत नसल्यामुळे ‘तोंड आले असेल’ असे म्हणून बी कॉम्प्लेक्सच्या गोळ्या आणि मलम सुरू होते, कधी दात गालाला घासतो म्हणून दात काढला जातो, चार दिवस बरे वाटते आणि मग सुगी किंवा घरातले लग्न आटोपेपर्यंत दाखवणे लांबते. दुसरे कारण संकोचाचे आहे. वर्षानुवर्षे मिसरी लावणाऱ्या अनेक स्त्रियांना ते व्यसन वाटत नाही, त्यामुळे डॉक्टरांनी तंबाखूविषयी विचारले, की त्या मनापासून ‘नाही’ असे उत्तर देतात. मिसरी, तपकीर, गुटखा आणि नुसती सुपारीसुद्धा डॉक्टरांना अवश्य सांगावी, आणि घरातील इतरांनी त्या वेळी दोष देणे टाळावे, कारण बोलणी खावी लागतील या भीतीनेच पुष्कळ जण चट्टा लपवतात.

तोंडातील व्रण किंवा चट्टा दोन आठवड्यांत बरा झाला नाही, तर दंतवैद्य अथवा कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे. असा प्रत्येक व्रण कर्करोगाचा नसतो, परंतु तो कशाचा आहे हे नुसते पाहून खात्रीने सांगता येत नाही. वयाची 30 वर्षे पूर्ण झालेल्यांसाठी सरकारी आरोग्य केंद्रांतून तोंडाच्या तपासणीची सोय आहे. तिचा लाभ त्रास नसतानाही घ्यावा.

‘सुरी लागली की रोग पसरतो’ ही समजूत आजही अनेक घरांत निर्णय अडवून धरते. तोंडातील बायोप्सीमुळे कर्करोग पसरत नाही. उलट, बायोप्सीवाचून रोगाची खात्री होत नाही आणि योग्य उपचारही ठरवता येत नाहीत. हा तुकडा बहुधा जागा बधिर करून काढला जातो.

तुकडा काढल्यावर बाटली अनेकदा नातेवाइकांच्याच हाती दिली जाते. ती फॉर्मॅलिनची, म्हणजे तुकडा टिकवून ठेवणाऱ्या द्रवाची, असल्याची खात्री करून घ्यावी. पाण्यात किंवा सलाइनमध्ये ठेवलेला तुकडा खराब होऊ लागतो आणि मग रुग्णाला पुन्हा त्याच प्रसंगातून जावे लागते. आमच्याकडे तुकडा आधी फॉर्मॅलिनमध्ये पक्का होतो, नंतर मेणात बसवला जातो, त्याचे अतिशय पातळ काप काचपट्ट्यांवर घेऊन ते रंगवले जातात आणि त्यानंतरच डॉक्टर ते पाहतात. नमुन्यात हाड असल्यास किंवा विशेष चाचणी लागल्यास आणखी काही दिवस जातात. अहवाल लांबला म्हणजे वाईटच असणार, असे कृपया समजू नये.

या प्रतीक्षेच्या काळात ‘त्यांना काही सांगू नका’ अशी विनंती आम्हाला नेहमी केली जाते. त्यामागची माया आम्ही समजतो, तरीही अहवाल आम्ही रुग्णाला किंवा रुग्णाने लेखी नाव दिलेल्या व्यक्तीलाच देतो. सर्वांना ठाऊक आणि एकट्या रुग्णाला अंधारात, अशी अवस्था बहुतेक रुग्णांच्या ध्यानात येतेच, आणि मग त्यांना मनातले विचारायलाही कोणी उरत नाही.

अहवाल घरी वाचून निष्कर्ष काढू नयेत. ‘डिसप्लेसिया’, म्हणजे पेशींमध्ये दिसणारा असाधारण बदल, हा कर्करोग नव्हे, पण त्याकडे दुर्लक्षही चालत नाही. अहवालात कर्करोग आढळला नाही आणि व्रण मात्र भरत नसेल, तर डॉक्टरांना पुन्हा भेटावे, कारण तुकडा नेमक्या जागेचा आलेला नसण्याची शक्यता असते.

पुढील उपचारासाठी परळचे टाटा स्मारक रुग्णालय किंवा अन्य मोठे रुग्णालय निवडल्यास, तेथे सहसा काचपट्ट्या व मेणाचे ठोकळे पुन्हा तपासले जातात. रुग्णाच्या लेखी अर्जावर आम्ही ते देतो. प्रवासात ठोकळे उन्हापासून जपावेत. बंद गाडीच्या उष्णतेने मेण वितळू शकते.