कोल्हापूरची बोर्डिंगे

कोल्हापूर संस्थानात विसाव्या शतकाच्या आरंभी छत्रपती शाहू महाराजांच्या (१८७४–१९२२) पाठबळाने उभी राहिलेली, बहुतांशी जातवार किंवा धर्मवार विद्यार्थी वसतिगृहे. ‘वसतिगृह’ हा शब्द कागदावरचा. कोल्हापुरात लोक ‘बोर्डिंग’च म्हणतात. खेड्यातल्या मुलाला शहरात राहून शिकता यावे आणि पुढे कारकुनीपासून वकिलीपर्यंतची दारे त्याला उघडावीत, एवढाच त्यांमागचा व्यवहारी हेतू. दरबाराने जागा आणि पैशाचा आधार द्यायचा, कारभार त्या त्या समाजाच्या मंडळाने पाहायचा, अशी साधारण रीत होती.

शाहूंनी २ एप्रिल १८९४ रोजी राज्यकारभार हाती घेतला तेव्हा संस्थानाच्या सामान्य प्रशासनातल्या ७१ जागांपैकी ६० जागांवर ब्राह्मण अधिकारी होते आणि सुमारे ५०० कारकुनांत ब्राह्मणेतर जेमतेम १०. २६ जुलै १९०२ रोजी, महाराज इंग्लंडच्या दौऱ्यावर असताना, प्रसिद्ध झालेल्या हुकुमाने रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या मागासलेल्या वर्गांसाठी राखल्या. ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि इतर पुढारलेले वर्ग सोडून बाकी सारे मागासलेले, अशी त्यात व्याख्या होती. ज्या कचेरीत या वर्गांचे प्रमाण निम्म्याहून कमी असेल तिथली पुढची नेमणूक त्यांच्यातूनच करायची आणि खातेप्रमुखांनी दर तीन महिन्यांनी तक्ता पाठवायचा, असेही कलम होते. हुकूम नुसता छापून राहू नये, याची ती तजवीज.

पण जागा राखली तरी ती भरायला शिकलेला माणूस लागतो, आणि घोडे तिथेच अडत होते. हायस्कूल शहरात, मुलगा भुदरगडच्या किंवा पन्हाळ्याच्या वाडीत. फी माफ झाली तरी त्याने झोपायचे कुठे आणि जेवायचे कुणाकडे? गरीब ब्राह्मण विद्यार्थ्याला या प्रश्नाचे जुने उत्तर माहीत होते : माधुकरी मागायची, किंवा सोमवार एका घरी, मंगळवार दुसऱ्या घरी असे वार लावून जेवायचे. त्यात मिंधेपण होते, पोटही नेहमी भरत नसे. पण शिक्षण पार पडे. कुणब्याच्या, धनगराच्या किंवा शिंप्याच्या पोराला असे वार लावून देणारी घरे शहरात नव्हती. परक्या जातीच्या घरात पंक्तीला बसणे दूरच, ओसरीवर पथारी मिळणेही कठीण. अस्पृश्य मुलाबाबत तर हा प्रश्न कुणी विचारतही नव्हते. नोकरीच्या वाटेवरचा पहिला धोंडा अभ्यासाचा नव्हता, भाकरीचा होता. बोर्डिंगांच्या इतिहासात हे कलम बहुधा ओझरते येते, खरे तर ते पहिले असायला हवे.

पहिला प्रयोग सर्वांना खुल्या वसतिगृहाचा होता. १८९६ मध्ये राजाराम वसतिगृह निघाले. मात्र थोड्याच वर्षांत तिथे ब्राह्मण विद्यार्थ्यांचा भरणा झाला आणि बाकीच्यांना जागा उरेना. तेव्हा शाहूंनी दिशा बदलली. १८ एप्रिल १९०१ रोजी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झाले (राणी व्हिक्टोरिया त्याच वर्षी जानेवारीत वारली होती). त्याच वर्षी दिगंबर जैन बोर्डिंग निघाले. १९०६ मध्ये मुसलमान विद्यार्थ्यांसाठी संस्था स्थापन झाली आणि तिचे अध्यक्षपद महाराजांनी स्वतःकडे घेतले. पुढे लिंगायत, दैवज्ञ, नामदेव शिंपी, पांचाळ, सारस्वत, ख्रिस्ती अशी रांगच लागली. मुलगा प्रिन्स शिवाजी १९१८ मध्ये शिकारीच्या अपघातात गेल्यावर त्याच्या नावाने १९२० मध्ये मोफत मराठा बोर्डिंग उघडण्यात आले. नाशिकच्या उदोजी मराठा वसतिगृहासारख्या संस्थानाबाहेरच्या संस्थांनाही शाहूंचा हात लागला.

अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी १९०८ मध्ये मिस क्लार्क वसतिगृह निघाले. नाव मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांच्या कन्येचे. इथे एक गोष्ट लवकरच कळून चुकली : शिकूनही वाट मोकळी होतेच असे नाही. म्हणून ती दरबारालाच मोकळी करावी लागली. कुलकर्णी वतन, म्हणजे गावचे दप्तर सांभाळण्याचा वंशपरंपरागत हक्क, १९१८ मध्ये बंद करून पगारी तलाठी नेमायला सुरुवात झाली, तेव्हा पिढीजात दप्तर एका घराण्याच्या हातून सुटले आणि गावपातळीवर नव्या जागा मोकळ्या झाल्या. अस्पृश्यांतल्या काहींना वकिलीच्या सनदाही दिल्या गेल्या. अस्पृश्य समाजातल्या गंगाराम कांबळे यांनी चहाचे दुकान थाटले तेव्हा गिऱ्हाईक येईना, म्हणून महाराज स्वतः तिथे जाऊन चहा प्यायले.

१९१२ पर्यंत चित्र पुष्कळ बदलले होते : प्रशासनातल्या ९५ जागांपैकी ३५ ब्राह्मणांकडे. याचे श्रेय एकट्या १९०२ च्या हुकुमाला देण्याची सवय आहे. बोर्डिंगांच्या स्वयंपाकघरांना त्यातला वाटा क्वचितच मिळतो.

जातवार रचनेवर आक्षेप तेव्हाही होता, आजही घेतला जातो, आणि तो पोकळ नाही. प्रत्येक समाजाला आपल्या मुलांसाठी वर्गणी काढायची सवय लागली, तशी आपापले कुंपण जपायचीही. जैन बोर्डिंगात राहणारे भाऊराव पाटील मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला जाऊन आले. परतल्यावर विटाळ घालवायला आंघोळ करण्यास त्यांनी नकार दिला आणि त्यांना बोर्डिंग सोडावे लागले. याच भाऊरावांनी ४ ऑक्टोबर १९१९ रोजी काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांना एका पंक्तीत जेवू घालणारे वसतिगृह काढले. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे नामकरण झाले : छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस.