गाडी एक्सचेंजला आणण्याआधी : किलोमीटरच्या वादाबद्दल थोडं

कापसाचा चुकारा हातात आला की आमच्या जुन्या गाड्यांच्या दुकानात एक्सचेंजची, म्हणजे जुनी गाडी देऊन दुसरी घेणाऱ्यांची, गर्दी सुरू होते. रंग, टायर, कुठे ठोकली होती का, यावरून घासाघीस होते, ती चालायचीच. पण मीटर मागे केलेलं, म्हणजे चाललेले किलोमीटर कमी करून दाखवलेले निघाले, की बोलणंच बिघडतं. वर्षानुवर्षांची ओळख असलेली माणसं रागाने उठून जातात. तसं होऊ नये म्हणून हे पत्रक.

मुख्य गोष्ट आधीच सांगतो. तुमच्या गाडीचं मीटर मागे केलेलं निघालं म्हणजे ते तुम्हीच केलं, असं आम्ही धरत नाही. किंमत मात्र गाडी खरंच जेवढी चालली, तेवढ्यावरच लागेल.

मागच्या हंगामात दर्यापूर भागातले एक काकाजी डिझेल गाडी घेऊन आले. मीटर ६२,४१८. पण ब्रेक पेडलचं रबर झिजून खालचं लोखंड दिसत होतं, आणि बॉनेटच्या आत ऑइल बदलल्याचं जुनं स्टिकर होतं : १,१०,२१४, खाली तारीख. काकाजींनी तीन वर्षांपूर्वी बाहेरगावच्या एका व्यापाऱ्याकडून ती गाडी घेतली होती. ते हादरलेच. “म्या तं मीटरले हातबी नाई लावला, भाऊ!” मग त्यांच्या मुलाने गाडी घरी आणली त्या दिवशीच्या पूजेचा फोटो मोबाइलमधून शोधून दाखवला. स्टिअरिंगला हार, आणि हाराच्या मागे मीटर : ३१,०२०. स्टिकरवरची तारीख त्याच्याही आधीची. म्हणजे मीटर मागे झालं ते गाडी काकाजींच्या दारात येण्यापूर्वीच. त्यांनी स्वतः चालवलेले ३१,३९८ धरले तर गाडी किमान १,४१,६१२ किलोमीटर चाललेली. भाव कमी लागला, पण काकाजींच्या शब्दावर डाग राहिला नाही.

प्रश्न नुसत्या पैशांचा नाही. बऱ्याच इंजिनांत टायमिंग बेल्ट (इंजिनचे व्हॉल्व्ह आणि पिस्टन एका तालात चालवणारा पट्टा) किलोमीटर पाहून बदलावा लागतो. मीटर खोटं असेल तर पुढचा मालक निश्चिंत राहतो, बेल्ट चालत्या गाडीत तुटतो आणि पुष्कळ इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून इंजिनच खोलावं लागतं. समृद्धी महामार्गावर घरची माणसं गाडीत असताना असं झालं तर काय, हा विचार करूनच आम्ही मीटर तपासतो.

आरसी बुकात किलोमीटर नसतात. ते सापडतात सर्व्हिसच्या बिलांवर, जॉब कार्डवर (गॅरेजमधल्या कामाच्या नोंदीचा कागद) आणि विम्याच्या तपासणी अहवालात. फास्टॅगच्या हिशोबात किलोमीटर नसले तरी फेऱ्या दिसतात. नागपूर-मुंबई समृद्धीने जाऊन-येऊन १,४०० किलोमीटर होतात, महिन्याला एक फेरी म्हटली तरी वर्षाला १६,८००. टायरवर चार आकडे असतात : ३२१९ म्हणजे २०१९ सालचा ३२वा आठवडा. मीटर वीस हजार दाखवतं आणि टायर दुसऱ्यांदा बदललेले, असं असेल तर आम्ही विचारणारच. गाडीच्या कॉम्प्युटरमधल्या नोंदी वाचणारा स्कॅनरही लावतो. काही गाड्यांत एबीएससारख्या (ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) दुसऱ्या युनिटमध्येही किलोमीटरची नोंद राहते, सगळ्यांत नाही. त्यामुळे स्कॅनरमध्ये काही निघालं नाही म्हणून मीटर खरंच, असंही आम्ही लिहून देत नाही.

मीटर बदलणं हा दर वेळी गुन्हा नसतो. पावसाळ्यात उंदरांनी वायरिंग कुरतडलं, मीटर बंद पडलं, नवं बसवलं, असं गावोगावी होतं. त्याचं बिल आणि जुन्या मीटरचा शेवटचा आकडा दाखवा, वाद तिथेच मिटतो.

तुम्ही आमच्याकडून गाडी घेतली आणि किलोमीटर खोटे निघाले, तर आधी आमच्याकडे या. समाधान झालं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. व्यापाऱ्याविरुद्ध जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, तीही तुम्ही राहता त्या जिल्ह्यात. गाडीसाठी दिलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी नाही. गाडी शेजाऱ्याकडून किंवा पाहुण्याकडून घेतली असेल तर हा मार्ग सहसा चालत नाही, तिथे पोलीस किंवा दिवाणी न्यायालय. म्हणून पाहुण्यातल्या व्यवहारातही किलोमीटर कागदावर लिहून घ्या, संकोच करू नका.

१ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याला आरटीओचं अधिकारपत्र लागतं. ते कुठल्याही दुकानात मागून पाहा, आमच्याकडेही. तुमची गाडी ठेवून घेताना आम्ही मीटरचा फोटो तुमच्यासमोर काढतो आणि आकडा पावतीवर लिहितो. त्याच वेळी तुमच्याकडून एका कागदावर सही घेतो : “माझ्या माहितीप्रमाणे मीटरमध्ये फेरफार झालेला नाही.” माहिती नसेल तर “माहिती नाही” असं लिहा, त्यासाठी कोणी अडवणार नाही. माहीत असून लपवलं आणि नंतर निघालं, तर मात्र फरकाची रक्कम परत मागू.

तपासणीला अर्धा-पाऊण तास लागतो आणि त्याचे पैसे नाहीत. इसार तपासणीनंतरच द्या. येताना आरसी, विमा, सापडतील तेवढी सर्व्हिसची बिलं आणि दोन्ही चाव्या आणा. गाडी घरी आणली त्या दिवशीचे फोटो मोबाइलमध्ये असतील तर तेही शोधून ठेवा.