चौकोनी स्फटिक

अजिंठ्याहून परतलेल्या मावसभावाने पिशवीतून एक पारदर्शक, टोकदार खडा काढला. “अस्सल स्फटिक. नकारात्मक ऊर्जा शोषून घेतो म्हणे.” मी खड्याच्या बाजू मोजल्या. चार भरल्या. स्फटिक, म्हणजे क्वार्ट्झ, सहा बाजूंचा असतो. त्याच्या अंगावरच्या बारीक रेषा आडव्या जातात, इथे उभ्या होत्या. हा अपोफिलाइट, दख्खनच्या काळ्या कातळातल्या पोकळ्यांमध्ये वाढणारा.

रंग बघून खनिज ओळखायला गेलं की हमखास फसगत होते. अपोफिलाइट पांढरा मिळतो, तसा हिरवाही. कठिनता त्यापेक्षा भरवशाची. खनिजशास्त्रज्ञ फ्रीडरिश मोज यांनी १८१२ मध्ये दहा खनिजांची मऊपासून कठीणपर्यंत क्रमवारी लावली, त्यात क्वार्ट्झ सातवा. तो बाटलीच्या काचेवर सहज ओरखडा काढतो. अपोफिलाइट साडेचार ते पाच, काचेपुढे हरतो.

पण मला खरी मौज वाटते ती पाटनाची, म्हणजे खनिज ठरावीक पातळीतच सपाट फुटतं त्याची. क्वार्ट्झमध्ये सिलिकॉन-ऑक्सिजनचे बंध तिन्ही दिशांना सारखेच घट्ट. कच्ची पातळी कुठेच नाही, म्हणून तो फुटलेल्या बाटलीसारखा, शिंपल्यासारखे वळसे दाखवत तुटतो. अपोफिलाइटमध्ये मात्र सिलिकेटचे थर असतात. सिलिकॉनभोवती चार ऑक्सिजन असे चौफलक, चार चौफलकांचं एक कडं, आणि अशी कडी एकमेकांना जोडली की मधे आठाचं कडं तयार होतं. दोन थरांमध्ये कॅल्शियम, पोटॅशियम, फ्लोरीन आणि पाणी. थरातली पकड घट्ट, थराथरांमधली सैल. खडा आडवा फुटतो तो तिथेच. न फुटलेल्या खड्यातही या पातळीत बारीक भेगा असतात. आत शिरलेला प्रकाश एकेका भेगेवरून थोडाथोडा परततो आणि त्या आडव्या पृष्ठावर मोतिया चमक दिसते. उभ्या बाजू काचेसारख्याच चकाकतात. एकाच खड्याला दोन चमका!

तापवला की आतलं पाणी निघून जातं आणि खडा पापुद्रे सोडतो. त्याचं ग्रीक नावही त्यावरूनच पडलं. ऊर्जेचं माहीत नाही बुवा, ह्याच्याकडे द्यायला आहे ते पाणी, तेही चटका दिल्यावर.

“म्हणजे फसलो?” भावाने विचारलं. आता काय सांगणार? इथल्या चांगल्या अपोफिलाइटसाठी जगभरचे संग्राहक पैसे मोजतात. फसलं कोण, तो की दुकानदार, यावर आमचं अजून एकमत नाही.