आलेपाक आणि आल्याच्या गोळ्या: डाव कुठे थांबवायचा

दिवाळीच्या सुट्टीत साताऱ्याकडच्या घरांत आल्याच्या गोळ्यांचा बेत निघतो आणि दरवर्षी तेच ऐकू येतं: "पांढऱ्या, रवाळ झाल्या, पाक बिघडला." पाक बिघडलेला नसतो, त्याचा आलेपाक झालेला असतो.

आलेपाक इथे कुणाला शिकवायचा? सातारा-कोरेगाव भागात आलं शेतातच पिकतं. आलं वाटायचं, साखरेत आटवायचं, कडेला साखर धरू लागली की घोटून थापायचं, वड्या पाडायच्या.

गोळीचं तसं नाही. आलेपाकात साखरेचे कण पुन्हा धरायला हवे असतात, गोळीत एकही कण नको. गोळी म्हणजे साखरेची काच. पाक ढवळला की कण धरू लागतो आणि एक कण धरला की बाकीचा पाक त्याच्यामागे जातो. आलेपाक घोटतात तो यासाठीच. म्हणून गोळीच्या पाकात साखर विरघळली की डाव बाहेर काढायचा आणि पुन्हा घालायचा नाही. गोळ्यांच्या कृतीत 'सतत ढवळत राहा' असं वाचलं की मला खरंच चीड येते. चांगली साखर आणि चांगलं आलं त्या तीन शब्दांपायी वाया जातं.

कडेला उडून सुकलेला थेंबही घात करतो. ओल्या ब्रशने तो खाली उतरवा. आल्याचा रस तासभर ठेवून तळाचा पांढरा साका टाका, वरची निवळ तेवढी घ्या. दोन वाट्या साखरेला अर्धा चमचा लिंबाचा रस सुरुवातीलाच हवा. त्या आंबटाने थोड्या साखरेचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतं, ते कण धरू देत नाहीत. शेवटी पिळलेलं लिंबू फक्त चवीचं.

आलेपाक ११५ अंशांच्या आसपास उतरतो, गोळीचा पाक १५०ला. (मुलांना तेव्हा ओट्यापासून लांबच ठेवा.) थर्मामीटर नसेल तर थेंब गार पाण्यात टाका. त्याची गोळी वळली तर अजून वेळ आहे. वाकवताच काडकन मोडला पाहिजे. वाटीत टण वाजला म्हणून उतरवलात तर गोळ्या दाताला चिकटतील. महाबळेश्वरला पाणीच ९५-९६ अंशांना उकळतं, तिथे चारेक अंश आधी उतरवा.

पावसाळ्यात मी गोळ्या करत नाही. हवेतला ओलावा ओढून बरणीत त्यांचा गठ्ठा होतो. तेव्हा आलेपाकच.