लाकडाचा तुकडा आणि बोर्डाचा तुकडा: पेट्या दोन हव्यात

घरच्या वर्कशॉपमध्ये उरलेल्या तुकड्यांची पेटी बहुधा एकच असते. सागाच्या फळीचं टोक, प्लायची पट्टी, एमडीएफचा (लाकडाचे बारीक तंतू दाबून केलेल्या बोर्डाचा) कोपरा, सगळं त्यातच. सागाचं विनिअर, म्हणजे पातळ पापुद्रा, चढवलेला बोर्ड आणि भरीव साग शेजारी ठेवले तर वरून फरकही कळत नाही.

कळतो तो कडेवर. भरीव लाकडाच्या टोकाला वाढीच्या वलयांच्या कमानी दिसतात आणि वरच्या रेषा त्यांना जाऊन मिळतात. प्लायच्या कडेला थर मोजता येतात, ब्लॉकबोर्डात मधल्या पट्ट्या दिसतात. एमडीएफ कुठूनही पाहा, दाबलेल्या पुठ्ठ्यासारखं एकसारखं. कडेला लिपिंग (कड झाकणारी लाकडी पट्टी) असेल तर एक टोक ताजं कापून पाहावं, शंका उरत नाही.

तुकडा ठेवायचा की नाही, हे आपण नजरेनं ठरवतो आणि तिथेच चुकतो. भरीव लाकडाची ताकद रेषांच्या दिशेनं असते. रेषांच्या दिशेनं जेमतेम ५ सेंटीमीटर आणि आडवा २० सेंटीमीटर असलेला तुकडा मोठा दिसतो, पण हातानंही मोडू शकतो. म्हणून त्याची लांबी रेषांच्या दिशेनं मोजावी. प्लायमध्ये एकाआड एक थर काटकोनात चिकटवलेले असतात, त्यामुळे दोन्ही दिशांना ताकद मिळते. तिथे क्षेत्रफळ पाहिलं की पुरे.

उपयोगही त्यावरूनच ठरतो. भरीव लाकूड हवेतल्या ओलाव्यानं रुंदीत फुगतं-आकसतं, लांबीत जवळजवळ नाही. पाचर, खुंटी, मूठ, लिपिंगची पट्टी यांना तेच हवं. जिग (कापताना-भोक पाडताना काम जागेवर धरणारा साचा) आणि फर्मे मात्र प्लाय-एमडीएफच्या तुकड्यांतून करावेत, कारण त्यांचं माप ऋतूगणिक फारसं बदलत नाही. एमडीएफच्या कडेत स्क्रू नीट धरत नाही, आधी भोक न पाडता घातला तर कड फाटते. ओल लागली की ते फुगतं आणि पुन्हा पहिल्यासारखं होत नाही, म्हणून त्याची पेटी जमिनीवर नको. भरीव तुकड्यांमध्ये हवा खेळती हवी. त्यांच्यावर पेन्सिलीनं लाकडाचं नाव लिहून ठेवावं. सहा महिन्यांनी धूळ बसल्यावर ओळख पटत नाही.

आखूड तुकडा कोणत्याही पेटीतला असो, बोटांनी धरून टेबल सॉवर (टेबलात बसवलेल्या विजेच्या गोल करवतीवर) घालू नका. हातकरवत आणि शिकंजा आहेच.

दोन पेट्यांचा माझा आग्रह सर्वात जास्त आहे तो जाळण्यापायी. कोरडं, रंग-पॉलिश न लावलेलं भरीव लाकूड चुलीत चालतं. प्लाय आणि एमडीएफमध्ये युरिया किंवा फिनॉल फॉर्माल्डिहाइडचं रेझिन, म्हणजे चिकटवणारा पदार्थ, असतं. म्हणून हे तुकडे चुलीत, शेकोटीत अजिबात नकोत. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं २००४ मध्ये फॉर्माल्डिहाइडला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवलं. लाकडाची धूळ तर १९९५ पासूनच त्या गटात आहे, म्हणजे भरीव लाकूड कापतानाही मास्क हवाच. भुशाचंही तसंच: भरीव लाकडाचा भुसा ओल्या कचऱ्यात थोडाथोडा मिसळून खतात जिरतो, एमडीएफचा भुसा वेगळ्या पिशवीत भरून कचऱ्यातच जावा. आणि जवसाच्या तेलाचं पुसणं यांतल्या कुठल्याच पेटीत टाकू नका. बोळा करून ठेवलेलं फडकं आपोआप तापून पेट घेऊ शकतं. ते बाहेर पसरून वाळवावं.