बलिदानाचा हिशेब आणि घड्याळाचे काटे

बुद्धिबळाच्या जलद, म्हणजे थोड्या मिनिटांत संपवायच्या, डावात एखाद्या ग्रँडमास्टरने घोडा किंवा हत्ती देऊन राजावर हल्ला चढवला की कोणाची बाजू किती वरचढ हे सांगणारा संगणकाचा आकडा क्षणात हलतो. तो घसरला की बलिदान 'चुकीचे' ठरते आणि बहुतेकांचे विश्लेषण तिथेच संपते. हा निकाल मला फार घाईचा वाटतो. बलिदान खरे की खोटे हे तपासण्याचे माप आजवर अनेकदा बदलले आहे, आणि जलद डावाचे माप या साऱ्या इतिहासातून घडले आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर असे माप जवळजवळ नव्हतेच. देऊ केलेले प्यादे किंवा मोहरे घेणे हाच शिरस्ता होता, आणि बचावाचे शास्त्र बाल्यावस्थेत होते. २१ जून १८५१ रोजी लंडनमध्ये जर्मन खेळाडू अँडरसनने किझेरित्स्कीविरुद्ध एक उंट, दोन्ही हत्ती आणि शेवटी वजीरही देऊन टाकला. मात केली ती उरलेला उंट आणि दोन घोडे यांनी. हा डाव 'अमर' म्हणून ओळखला जातो आणि तो मान त्याला शोभतो. मात्र तो स्पर्धेतला नव्हता, स्पर्धेच्या सवडीत खेळलेला मैत्रीचा डाव होता. त्या काळी स्पर्धेतसुद्धा वेळेचे बंधन नव्हते. यांत्रिक घड्याळे स्पर्धेच्या पटाशेजारी आली ती १८८३ मध्ये, लंडनमध्येच.

१८८६ मध्ये पहिला अधिकृत जगज्जेता झालेल्या स्टाइनिट्झने हल्ल्याला पहिल्यांदा जाब विचारला. आधी लहान लहान फायदे साठवा, स्थिती आपल्या बाजूला झुकवा, मगच चढाई करा, असे त्याचे सांगणे होते. स्थितीत आधार नसेल तर बलिदान नीट बचाव करून परतवता येते, हे त्याने पटावर दाखवून दिले. पुढच्या पिढीने हल्ला सोडला नाही, पण त्याला पाया दिला. १८८९ मध्ये ॲमस्टरडॅमला लास्करने बावरविरुद्ध आधी एच७ वर आणि मग जी७ वर (ही पटावरच्या घरांची नावे) असे दोन्ही उंट दिले. काळ्या राजापुढची प्यादी नाहीशी झाली, हत्ती तिसऱ्या ओळीवरून एच-पट्टीत आला आणि बावरला वजीर द्यावा लागला. तरीही मोहऱ्यांचा हिशेब जवळपास बरोबरीतच होता. खरे मोल त्यानंतरच्या शांत चालीत आहे: लास्करचा वजीर डी७ वर जाऊन एकाच वेळी बावरच्या दोन उंटांवर हल्ला करतो. ती चाल त्याने आधीच पाहिली नसती तर सगळा खर्च वाया गेला असता.

ऑस्ट्रियन खेळाडू श्पीलमानने १९३५ च्या आपल्या पुस्तकात यातला भेद स्पष्ट शब्दांत मांडला. ज्या बलिदानाचा परतावा शेवटपर्यंत मोजता येतो ते त्याच्या लेखी नाममात्र. जे मोजता येत नाही, केवळ स्थितीच्या जाणिवेवर द्यावे लागते, ते खरे. माझ्या मते आजही विश्लेषणाला बसताना पहिला प्रश्न हाच विचारावा.

या खऱ्या बलिदानाचा सर्वात मोठा खेळाडू लाटव्हियातील रीगाचा मिखाईल ताल. १९६० च्या जगज्जेतेपदाच्या लढतीतील सहाव्या डावात २१ व्या चालीला त्याने तेव्हाचा जगज्जेता बोट्विनिक याच्याविरुद्ध काळ्या बाजूने घोडा एफ४ वर ठेवला. प्रेक्षकांत एवढी खळबळ उडाली की डाव आतल्या खोलीत हलवावा लागला. नंतरच्या विश्लेषणात बचाव सापडला: २५ व्या चालीला उंटाने एफ३ वरचे प्यादे घेतले असते तर पांढऱ्याची बाजू वरचढ ठरली असती. बोट्विनिकने वजीर मारला आणि डाव गमावला. घड्याळ चालू असताना तो बचाव जगज्जेत्यालाही सापडला नाही, हे या डावाचे सत्य आहे, आणि नंतरच्या विश्लेषणाने ते पुसले जात नाही. तालने ती लढत १२½–८½ अशी जिंकली. पुढच्या वर्षीच्या परतीच्या लढतीत बोट्विनिकने त्याला १३–८ असे हरवले, हेही तितकेच खरे. १९८८ मध्ये, पन्नाशी ओलांडल्यावर, तालने कॅनडात सेंट जॉन इथे जागतिक ब्लिट्झ (अतिजलद बुद्धिबळ) विजेतेपद मिळवले. वेळ कमी झाली की त्याची शैली आणखी धारदार होत असे.

जलद बुद्धिबळ साधारण त्याच सुमारास प्रतिष्ठित झाले. १९९४ च्या इंटेल ग्रां प्री या जलद स्पर्धांच्या मालिकेत प्रत्येकाला २५ मिनिटे असत. आज फिडे या जागतिक बुद्धिबळ संघटनेच्या नियमाप्रमाणे दहा मिनिटांहून जास्त आणि साठहून कमी वेळेचा डाव जलद समजला जातो, आणि जागतिक स्पर्धेत १५ मिनिटे व दर चालीला १० सेकंद मिळतात. विश्वनाथन आनंदने २००३ मध्ये आणि पुन्हा २०१७ मध्ये जलदचे जागतिक विजेतेपद जिंकले.

वेळ घटली की दोन्ही बाजूंचे ओझे सारखे राहत नाही. हल्ला करणाऱ्याला बहुतेकदा एक दिशा पुरते. बचाव करणाऱ्याला मात्र दर चालीला अनेक धमक्या तपासून एकमेव चाल शोधावी लागते, तीही ओळीने तीन-चार वेळा. नेमके हेच संगणकाच्या आकड्यात दिसत नाही. म्हणून जलद डाव तपासताना प्रत्येक चालीसमोर दोघांची उरलेली वेळ लिहून घ्यावी. बलिदानानंतर बचावाच्या किती चाली सुरक्षित होत्या हेही मोजावे. पाचांपैकी चार चालल्या असत्या तर बलिदान कच्चे होते. एकच चालत असेल आणि घड्याळात दोन मिनिटे असतील तर निकाल देताना थांबावे लागते.

३० नोव्हेंबर २०१६ रोजी न्यूयॉर्कला जगज्जेतेपदाच्या लढतीतील बरोबरी फोडण्यासाठीच्या जलद डावांपैकी (टायब्रेक) चौथा डाव कार्लसनने कार्याकिनविरुद्ध ५० व्या चालीला वजीर एच६ वर देऊन संपवला. राजाने घेतला तरी मात, प्याद्याने घेतला तरी मात. अतिशय सुंदर चाल, पण श्पीलमानच्या वर्गवारीत ती नाममात्रच ठरते, कारण सारे काही मोजलेले होते. अशा चालीचे विश्लेषण दोन ओळींत संपते. अवघड काम आहे ते तालच्या घोड्यासारख्या बलिदानांचे.

त्यातही संगणकाचा शब्द स्थिर राहिलेला नाही. डिसेंबर २०१७ मध्ये अल्फाझीरो या बुद्धिबळ खेळणाऱ्या संगणक-प्रणालीने स्टॉकफिश या दुसऱ्या प्रणालीविरुद्धच्या १०० डावांत २८ जिंकले आणि एकही गमावला नाही. त्यांतल्या काही डावांत त्याने प्यादी आणि मोहरी दिली, तीही अशा दीर्घ मुदतीच्या फायद्यासाठी, जो जुन्या पद्धतीच्या मोजणीत दिसत नव्हता. २०२० पासून स्टॉकफिशमध्येही न्यूरल जाळे (उदाहरणांवरून शिकणारी संगणकीय रचना) आले, आणि एकेकाळी 'चूक' ठरवलेली काही बलिदाने आता नव्याने तपासली जात आहेत.